पाच जणींवर बोनस नसतो

सोयाबीनची रास घरात येऊन पडली, कापसाची पहिली वेचणी उरकली, की आमच्या भागात दोन गोष्टी सुरू होतात. लग्नाच्या बैठका आणि निवड चाचण्या. दोन्हीकडं पोरींना उभं करून बघतात, दोन्हीकडं उंची विचारतात आणि दोन्हीकडं बघणाऱ्यांना घाई असते. बैठकांना मी जात नाही. चाचण्यांना मात्र दर साली जाते आणि दर साली तिथून भांडून येते. भोकरच्या शाळेत खेळ शिकवायला लागून मला पंधरा वर्षं झाली, त्यामुळं माझ्या भांडणाची आता लोकांना सवय झालीय. "आल्या बाई," असं कुणीतरी हळूच म्हणतं आणि कुणीतरी खुर्ची पुढं सरकवतं.

या साली भांडणाचा दारूगोळा थेट अमेरिकेतून आला. माझ्या बहिणीचा मुलगा सुमित तिकडच्या एका कॉलेजात शिकतो आणि तिथल्या खेळाडू पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. मी मेथी निवडत बसलेली असते आणि फोन तांब्याला टेकवलेला असतो. त्या दिवशी तो म्हणाला, "मावशी, एक सांगतो, पण तू चिडशील."

"सांग. सकाळपासून कुणावर चिडले न्हाई अजून."

त्यानं सांगितलं ते असं. तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. अंड्यासारखा लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं आणि आडवं येईल त्याला धडकायचं. त्या खेळात एक पोरगा असतो, त्याचं काम एकच. बोलावलं की आत यायचं, चेंडूला लाथ मारून तो दोन उंच खांबांच्या मधून घालवायचा आणि परत बाहेर जाऊन बसायचं. सामना शेवटाला येऊन अडला की मात्र सगळं मैदान त्याच्याकडं बघतं. शाळेत खेळणाऱ्या पोरांची तिथं कॉलेजांसाठी आधीच यादी निघते, नावापुढं तारे, पाचापर्यंत. पळणाऱ्याला पाच मिळतात, फेकणाऱ्याला पाच मिळतात, धडकणाऱ्यालाही मिळतात. सुमित ज्याला शिकवतो तो लाथ मारणारा पोरगा शाळेत असताना त्याच्या अख्ख्या राज्यात अव्वल होता म्हणे. त्याला दोन.

"तीनाच्या वर सहसा जातच नाहीत, मावशी. यादीवाले म्हणतात, अख्ख्या सामन्यात त्याला काम किती? आणि त्याला बघतात कुठं, तर शिबिरात. मोकळं मैदान, अंगावर कुणी धावून येत नाही, गर्दी नाही, गुणफलक नाही. तिथं सगळेच बरे मारतात. मग फरक कळणार कसा?"

मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली. मी म्हणाले, "त्या पोराला सांग, भोकरला तुझी एक मावशी हाय."

"त्याला काय कळणार त्यातलं?"

"त्याला सगळं कळतं," मी म्हणाले आणि भाजी बाजूला सारली. भूक मेली होती.

बोनस म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं भांडण तुम्हाला एकतर्फी वाटेल. कबड्डीत समोरच्या संघाच्या अंगणात चांगलीच आतवर एक रेषा असते. समोर सहा किंवा सात जणी उभ्या असतील, तर चढाईला गेलेल्या पोरीनं ती रेषा एका पायानं ओलांडायची आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत हवा. कुणाला शिवायचं नाही, कुणाला पाडायचं नाही. एवढं केलं की एक गुण. समोर पाचच उरल्या, की ती रेषा मेली. मग ओलांडा नाहीतर तिच्यावर झोपा, गुण नाही. आणि हा गुण असा, की त्यानं समोरची कुणी बाद होत नाही आणि आपली बाहेर बसलेली आत येत नाही. म्हणून लोक त्याला मोजतात, पण मानत नाहीत. मी आयुष्यभर तोच खेळले.

शिकले मात्र मैदानावर नाही. आमचं घर धर्माबादचं. माय मिरचीच्या आडतीवर देठ खुडायला जायची. शाळा सुटली की मीही तिथंच. लाल मिरचीचे ढीग, ढिगाभोवती बायका, बायकांच्या मांड्यांना मांड्या लागलेल्या, आणि मधून पाण्याची कळशी घेऊन फिरायचं काम माझं. पाय ठेवायला वीतभर जागा. एक पाय त्या वितीत टाकायचा, दुसरा हवेत धरून पुढची वीत शोधायची, तोवर कळशीतलं पाणी सांडता कामा नये. मिरचीवर पाय पडला की मुकादम ओरडायचा. त्याचं ओरडणं परवडायचं, तळपायाची आग परवडायची नाही. आजही कुठं लाल मिरची वाळत घातलेली दिसली की मला आधी शिंक येते आणि मग माझा उजवा पाय आपोआप उचलला जातो. माझी लेक हसते मला.

लातूरला कॉलेजात गेले तेव्हा आमच्या सूर्यवंशी सरांनी, म्हणजे खेळाच्या सरांनी, माझा पाय पहिल्या आठवड्यातच हेरला. उंची कमी, दंडात दम नाही, कुणाला धरलं तर तीच मला ओढत नेईल अशी माझी गत. पण रेषा दिसली की पाय जायचा. तेव्हा मॅट नव्हती, काळी माती होती आणि रेषा पांढऱ्या फक्कीनं आखायच्या. चढाई करून आले की मी आधी अंगठा बघायची. अंगठ्याला फक्की लागली म्हणजे पाय रेषेवर पडला, वाया. अंगठा कोरा म्हणजे बोनस. पंचांनी हात वर करायच्या आधी मला कळलेलं असायचं. थंडीत पहाटे माती इतकी गार असायची की बोटं बधिर व्हायची, आणि वसतिगृहाच्या खोलीत बारा महिने बामाचा वास. माझी खोलीतली जोडीदारीण नसरीन, उदगीरची. चढाईत तिच्यासारखी पोरगी मी पुन्हा बघितली नाही. ती जायची ती दोघीतिघींना शिवूनच यायची. मला म्हणायची, "तू एकेक आण, मी ढिगानं आणते. पर तू हाय म्हणून त्यांची कोपऱ्यातली पोरगी घाबरून पुढं सरकती, तवा मला मागं जागा भेटती. ह्ये लोकांना दिसत न्हाई."

त्या दिवसांत लातूरच्या चौकाचौकांत पोरांचे फोटो लागलेले असायचे, खाली त्यांचे टक्के. हे अजूनही आहे, उलट वाढलंय. फोटोतली पोरं हसत नसतात. मला तेव्हा त्यांचा हेवा वाटायचा, कारण निदान त्यांचा आकडा त्यांच्याच पेपरातून आलेला. आमचा आकडा दुसऱ्याच्या डोळ्यातून यायचा.

आणि मला तो आकडा हवा होता. अण्णांनी, माझ्या वडलांनी, लातूरला धाडतानाच सांगितलं होतं. अण्णांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, बोलणं मोजकं. "दोन साल शीक. विद्यापीठाच्या संघात नाव लागलं तर पुढं खेळाचं शिक्षण घे, मी आडवा येणार न्हाई. न्हाई लागलं तर घरी ये." त्यांच्या परीनं ते रास्तच बोलले होते. मला खेळाची मास्तरीण व्हायचं होतं, आणि आमच्या घरातून त्याला ती यादी हा एकच रस्ता होता.

दुसऱ्या सालचा हिवाळा. कॉलेजांचा अंतिम सामना नांदेडला, आणि दुसऱ्या दिवशी तिथंच विद्यापीठाची निवड. बस अहमदपूर, लोहा करत निघाली तेव्हा शेतांतून तूर पिवळी फुललेली आणि खिडकीतून सोयाबीनचा भुसा डोळ्यांत येत होता. नसरीननं वाटेत सगळ्यांना शेंगा खाऊ घातल्या आणि टरफलं माझ्या पिशवीत भरली. सामना दुपारी. शेवटच्या मिनिटाला एकोणीस-एकोणीस. नसरीन बाद होऊन बाहेर. सूर्यवंशी सरांनी आमच्याकडं नजर फिरवली आणि म्हणाले, "संगीता, जा."

समोर सहा जणी होत्या. मी दम धरला, डाव्या कोपऱ्याकडं धाव घेतल्यासारखं केलं, ती पोरगी माझ्या गुडघ्यावर डोळा ठेवून खाली वाकली, आणि तेवढ्यात मी उजवीकडं वळून पाय टाकला. दुसरा पाय हवेत. मग मागं, नुसतं मागं. मध्यरेषा ओलांडून पडले ती अंगठ्याकडं बघतच पडले. कोरा होता. पंचांनी हाताचा अंगठा वर केला, बोनसची खूण. आम्ही एका गुणानं जिंकलो. तो गुण मी आणला होता. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलं नव्हतं, म्हणून आता सांगते. मी आणला होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, नसरीनच्या चढायांनी विजय. तिनं पेपर वाचला, दुमडला आणि म्हणाली, "ह्यो बातमीवाला सामना बघाया आलता का जेवाया?"

निवडीला साठेक पोरी आलेल्या. दंडावर पेनानं आकडे लिहिले, माझा चौतीस. निवड समितीतल्या सरांना दुपारची गाडी गाठायची होती, म्हणून त्यांनी फर्मावलं, सात-सात नको, पाच-पाचचे सामने लावा, भराभर होतील. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या भागातल्या चाचण्यांची ती रीतच होती, आजही आहे. पोरी जास्त, वेळ कमी, लावा पाच-पाच. मी पहिल्या चढाईला गेले, सवयीनं रेषा ओलांडून आले आणि सरांकडं बघितलं. त्यांनी कागदावर शून्य टाकलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. समोर पाचच होत्या. माझा खेळ त्यांनी सामना सुरू व्हायच्या आधीच पुसून टाकला होता, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पुढच्या दोन चढायांत शिवायला गेले, दोन्ही वेळा धरले गेले.

मी सरळ टेबलापाशी गेले. "सर, समोर पाचच हायत. बोनस कसा घेऊ?"

"मग शिवून ये."

"माझा खेळ बोनसचा हाय, सर. काल तुम्ही बघितला."

"बघितला की. चांगला होता," ते म्हणाले. "पण बाई, बोनसवाली कुठंबी मिळती. शिवणारी दाखव." आणि त्यांनी मला टेबलावरलं केळं दिलं. माणूस वाईट नव्हता, ह्याचाच मला जास्त राग येतो. वाईट असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते. मी केळं घेतलं नाही.

यादी भिंतीवर लागली. मी बोट ठेवून वरून खाली आले. बारापर्यंत नाही, विसापर्यंत नाही. एकतिसावी. नसरीन पहिली. तिनं माझा हात धरला, तो मी झटकला, आणि त्याची लाज मला अजून वाटते. घरी गेले तेव्हा अण्णा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "न्हाई लागलं ना?"

"न्हाई."

"ठीक."

त्यानंतर दोन हंगाम मी मायच्या शेजारी बसून मिरचीचे देठ खुडले. बोटांची आग इतकी की भाकरी कालवून खाता यायची नाही. तिसऱ्या साली मी खेळाच्या शिक्षणाचा अर्ज भरला, लेखी परीक्षा दिली, नाव लागलं, आणि अण्णांना गाडीत बसायच्या दिवशी सांगितलं. ते आडवे आले नाहीत. आधी विचारलं असतं तर आलेही असते. विचारायचं नाही, ही अक्कल मला त्या दोन हंगामांनी दिली.

लोक म्हणतात, बाई, झालं ते विसरा, तुम्ही मास्तरीण झालातच ना. का विसरू? झाले ती माझ्या हट्टानं झाले, त्यांच्या कागदानं नाही. आणि माझ्यासारख्या ज्या अजून देठ खुडतायत, त्यांचं काय? यादी करणाऱ्याला वाटतं आपण खेळाडू मोजतोय. तो मोजत असतो स्वतःची घाई, स्वतःची आवड आणि कागदावर आखलेले रकाने. जे रकान्यात बसत नाही ते त्याच्या लेखी खेळातच नसतं. आणि सामना अडला की हाच माणूस हात जोडून देवाचा धावा करतो, की बाबा, एक गुण दे. मला ह्याचा संताप येतो. वय झालं की राग निवळतो म्हणतात. माझा तरी निवळलेला नाही.

तर या सालची चाचणी. नांदेडलाच, बंदिस्त सभागृहात. माती गेली, फक्की गेली, निळी मॅट आली, पण पोरींच्या घामाचा आणि बामाचा वास तोच. निवडीला आम्ही तिघं. प्रमुख बिराजदार सर, निवृत्तीला आलेले. दुसरा राहुल, तरणाबांड, स्वतः वरपर्यंत खेळलेला. तिसरी मी, सहीचा हक्क पहिल्यांदाच मिळालेली. राहुलच्या फोनात एक अॅप होतं. पोरीचा नंबर टाकायचा, उंची, वेग, चढाई, पकड यांपुढं तारे दाबायचे, एकूण ते आपलं आपण काढतं. पाच तारे. मला सुमितचा तो लाथ मारणारा पोरगा आठवला आणि हसू आलं.

"बोनसचा रकाना कुठाय?" मी विचारलं.

"चढाईतच धरायचा, मॅडम."

"आणि खेळवणार पाच-पाच. मग धरणार कुठून?"

राहुलनं फोन खाली घेतला. "आयला," तो म्हणाला. एवढा खेळलेला पोरगा, पण त्यानं खरंच कधी विचार केला नव्हता. तो उंचापुरा, शिवून येणारा. त्याच्यावर ती वेळ आलीच नव्हती.

पाण्याच्या जारपाशी एक काटकुळी पोरगी माझ्याजवळ आली. अश्विनी, हिमायतनगरकडची. मी तिला तालुक्याच्या सामन्यात बघितलं होतं, चार चढाया, चार बोनस. तिच्या गावात शाळा दहावीपर्यंतच. जिल्ह्याच्या बारा जणींत नाव लागलं तर लातूरच्या क्रीडा वसतिगृहात जागा, आणि पुढचं शिक्षण. नाही लागलं तर घर. तिच्या मामानं तिला सोडतानाच तसं सांगितलेलं.

"मॅडम, इथं बी पाच-पाचच खेळवून राहिले का?"

"हाव."

"मग मी काय करू?"

बावीस वर्षांत तो प्रश्न नुसता एका पोरीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात गेला होता. मी तिला म्हणाले, "तू काय करू नको. दोरी बांध बुटाची आणि थांब." आणि मी मॅटवर गेले. चालू सामन्यात, चपला घालून. पंच ओरडला. मी म्हणाले, "थांबवा. सात-सात लावा."

बिराजदार सर उठून आले. "मॅडम, सत्तर पोरी हायत. सात-सात लावलं तर दिवस मावळंल."

"मावळू द्या."

"दर साली असंच व्हतंय. ह्याच साली कामून?"

"दर साली चूक व्हत होती म्हणून. सर, पाच जणींवर बोनस नसतो. तुम्ही पंचांची परीक्षा घेता, तुम्हाला मी सांगावं का? यादीवर तीन सह्या लागतात. माझी मिळणार न्हाई."

त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "दहा मिनिटांचा एक सामना. तुमच्या समाधानाला."

"माझ्या समाधानाला नगं. नियमाला."

सात-सात लागलं. अश्विनी तीनदा गेली. पहिल्यांदा बोनस, दुसऱ्यांदा बोनस, कोपऱ्यातली पोरगी वाकायच्या आत ही परत. तिसऱ्यांदा पाय टाकला आणि घोटा धरला गेला, तिघी अंगावर पडल्या. बिराजदार सर म्हणाले, "बघा, धरली."

"धरली, पण बोनस घेऊन धरली. एक त्यांना, एक हिला. बाकीच्या धरल्या जातात तवा काय देऊन जातात?"

राहुल हसला आणि त्यानं फोन आमच्यापुढं धरला. अॅपानं अश्विनीला दोन तारे दिले होते. उंची कमी, पकड नाही, वेग मध्यम. यादी करायला बसलो तेव्हा सरांनी तिला राखीवमध्ये टाकलं, तेरावी. म्हणजे संघाबरोबर नाही, वसतिगृह नाही, कुणी आजारी पडलं तर बघू. मी नाही म्हणाले.

"ठीक हाय," सर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला. "मग बारावीला काढा. ही घ्या बारावी. तुमच्याच शाळेची पल्लवी. चार तारे. काढता?"

हे त्यांनी वैतागून म्हटलं की मुद्दाम, मला ठाऊक नाही. पल्लवी माझी. सहावीपासून मी तिला घडवलेली, उंच, देखणी चढाई. तिच्या आईनं मला दोनदा विचारलं होतं, मॅडम, हिचं लागंल ना? मी दोनदा हो म्हटलं होतं. मी यादी पुन्हा वाचली. पल्लवीसारख्याच चढाया करणाऱ्या चार पोरी तिच्या वर होत्या, चौघीही तिच्याहून सरस. पाचवी कशाला हवी? आणि रेषा ओलांडणारी एकही नाही. पेन राहुलच्या हातात होतं, ते मी घेतलं आणि पल्लवीचं नाव मीच खोडलं. सरांनी सही केली, मग राहुलनं, मग मी.

परतीच्या बसमध्ये पल्लवी खिडकीशी आणि मी तिच्या शेजारी. यादी तिनं बघितली होती. बारड गाव मागं पडलं. शेवटी मीच म्हणाले, "पल्लवी, तुझं नाव मी काढलं. दुसऱ्या कुणी न्हाई. मी."

तिनं बाहेरच बघत विचारलं, "मला किती तारे व्हते?"

"चार."

"अन् तिला?"

"दोन."

"मग?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं, चार चढाईवाल्या, बोनस, संघाची गरज. खरं तेच सांगितलं. ऐकताना ती रडत होती आणि मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं, एवढं मला बोलताबोलताच कळत होतं. भोकरला ती उतरली, पिशवी उचलली आणि मागं न बघता गेली. घरी येऊन मी जेवले नाही. मी चुकले का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर आलं, नाही. पण बरोबर असल्याचं सुख काही झालं नाही.

सहा दिवस पल्लवी मैदानावर आली नाही. सातव्या दिवशी पहाटे आली, रांगेत उभी राहिली, सगळ्यांबरोबर पळाली. मग माझ्यासमोर येऊन म्हणाली, "मॅडम, मला बी बोनस शिकवा."

"तुला कशाला? तुझा खेळ शिवायचा हाय."

"पुढल्या साली यादी करायला तुम्हीच बसणार ना?"

"हाव."

"मग शिकवा."

पोरगी उद्धटपणे बोलली नव्हती. सरळ हिशेब मांडावा तसं बोलली होती. आणि मी गळ्यातली शिट्टी काढून ठेवली, कारण तिच्या लेखी आता त्या टेबलामागं केळं घेऊन बसलेली मीच होते. मला काय आवडतं ते बघून ती स्वतःचा खेळ टाकून द्यायला तयार झाली होती.

"न्हाई शिकवणार," मी म्हणाले. "आधी तुझी चढाई अशी कर, की पुढल्या साली तुझं नाव खोडताना माझा हात मोडंल. यादीला कुणीबी बसो, मी बसो, त्यांच्या तोंडाकडं बघून खेळ बदलायचा न्हाई. कळलं?"

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि सहा पोरींच्या ओळीत डाव्या कोपऱ्याला जाऊन उभी राहिले. "ये," मी म्हणाले, "शिवून दाखव."

ती दम धरून आली. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, आणि मग सरळ माझ्यावर. खांद्यावर असा तडाखा दिला की मी दोन पावलं मागं गेले, आणि मी सावरेपर्यंत ती मध्यरेषेपार उभी होती, माझ्याकडं रोखून बघत. मास्तरणीला मारलं म्हणून आता बोलणी बसणार, असं पोरींना वाटलं. मी बाद झाले होते, मुकाट्यानं बाहेर जाऊन बसले आणि म्हणाले, "परत जा. अजून सहा हायत."

खांदा तीन दिवस दुखत होता. मी बाम लावला नाही.